लोंबती डबल पिटुनिया: रोपापासून भरगच्च कुंडीपर्यंत

लोंबती डबल पिटुनिया पहिल्यांदा लावणाऱ्यांची तक्रार बहुधा एकच असते. रोपवाटिकेतून आणली तेव्हा कुंडी फुलांनी गच्च होती. महिना-दीड महिन्यात वेली लांबच लांब झाल्या, मधे नुसत्या काड्या उरल्या आणि टोकाला दोन-चार फुलं, तीही तपकिरी पडलेली. अशा वेळी दोष रोपाचा नसतो, खताचाही फारसा नसतो. या झाडाच्या दोन सवयी लक्षात घेतल्या की सगळी निगा त्यांच्याभोवतीच फिरते, हे समजतं.

पहिली सवय फुलाची. साध्या पिटुनियाच्या कर्ण्यासारख्या फुलातलं पाणी लवकर ओघळून जातं. डबल फुलात पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात, थरावर थर. त्यांत पाणी अडकतं, फूल जड होऊन मान टाकतं आणि कुजायला लागतं. दुसरी सवय वेलीची. ती टोकाकडे धावते, सगळी ताकद शेंड्याला देते आणि मागचे डोळे, म्हणजे फुटवे निघायच्या जागा, झोपलेले राहतात. म्हणजे आपल्याला दोनच गोष्टी सांभाळायच्या आहेत: फुलात पाणी साठू द्यायचं नाही आणि वेलीला एकाच टोकाने पळू द्यायचं नाही. पुढचं सगळं यातूनच येतं.

रोप निवडताना

डबल म्हणजे लोंबती असं नाही, आणि लोंबती म्हणजे डबल असंही नाही. लेबलवर दोन्ही शब्द आहेत का ते बघा. बियांपासून येणाऱ्या बऱ्याच डबल जाती झुपकेदार, उभट वाढतात. त्या कुंडीत छानच दिसतात, पण काठावरून खाली उतरत नाहीत. ‘टंबलिना’ या मालिकेतल्या जाती खऱ्या अर्थाने डबल, निम्म्या लोंबत्या आणि सुवासिक आहेत. लोंबत्या पिटुनियाला जगभर लोकप्रिय केलं ते जपानच्या सनटोरी कंपनीच्या ‘सर्फिनिया’ने, १९८९ साली. नंतर १९९५ मध्ये ‘पर्पल वेव्ह’ या बियांपासून वाढणाऱ्या पसरत्या जातीला अमेरिकेतला ऑल-अमेरिका सिलेक्शन्स हा सन्मान मिळाला. या दोन्ही मुळात साध्या पाकळ्यांच्या होत्या, डबल रूपं नंतर आली. म्हणून नुसतं मालिकेचं नाव बघून रोप उचलू नका, त्या विशिष्ट जातीचं फूल बघा.

रोपं समोर असतील तर सर्वांत जास्त फुललेलं रोप बाजूला ठेवा, हे माझं ठाम मत आहे. बुडापासून तीन-चार फांद्या फुटलेलं, पेरं आखूड असलेलं आणि एखाद-दुसरीच कळी असलेलं ठेंगणं रोप घ्या. पानं उलटून मावा किंवा पांढरी माशी आहे का ते बघा. शक्य असेल तर रोप पिशवीतून हलकेच वर काढून मुळं तपासा. ती पांढरी हवीत. तपकिरी आणि मऊ असतील तर ते रोप स्वस्तातही नको. पानांना हात लावला की चिकट लागेल, त्याला रोग समजू नका. पिटुनियाच्या अंगावरच्या लवेतून तसा चीक येतोच.

बियांपासून लावायची असेल तर

नवख्याने पहिल्या वर्षी तयार रोपंच घ्यावीत. बी धुळीसारखं बारीक असतं, एका ग्रॅममध्ये हजारो दाणे मावतात. शिवाय डबल बियांची पैदास किचकट आहे. डबल फुलातला स्त्रीकेसर बऱ्याचदा नीट वाढलेला नसतो, त्यामुळे डबल झाडाचे पराग साध्या फुलाच्या झाडावर घालून हे बी तयार करतात. म्हणूनच ते महाग असतं. आपल्या झाडाला चुकून बी धरलं, तरी त्यातून आईसारखंच फूल येईल याची खात्री नसते.

तरीही हौस असेल तर ओलसर, चाळलेल्या कोकोपीटवर बी नुसतं पसरा. वर माती टाकू नका, कारण उगवायला त्याला उजेड लागतो. वर पारदर्शक झाकण ठेवा आणि तापमान २२ ते २४ अंशांच्या आसपास असू द्या. साधारण ७ ते १० दिवसांत कोंब दिसतात. ते दिसले की झाकण काढा, नाहीतर रोपं बुडाशी कुजून कोलमडतात. पाणी वरून न घालता ट्रे पाण्यात ठेवून खालून द्या. तीन-चार खरी पानं आली की वेगळ्या छोट्या कुंड्यांत हलवा. पेरणीपासून पहिल्या फुलापर्यंत १० ते १२ आठवडे धरून चाला.

जागा

रोज किमान सहा तास थेट ऊन हवं. त्याहून कमी मिळालं तर वेल लांबते आणि कळ्या कमी धरतात. दिवस तेरा तासांहून मोठा असेल तेव्हा पिटुनिया लवकर आणि भरभरून फुलते. दिवस आखूड असताना ती फुटवे काढत बसते, तेव्हा फूल नाही म्हणून खताचा मारा करू नये. दिवसा २० ते २८ अंश तापमान तिला मानवतं. पारा ३५ च्या वर राहू लागला की फुलं लहान होतात, आणि थंडीने दंव गोठलं की झाड जातं.

डबल जातींसाठी मी उन्हाइतकंच महत्त्व डोक्यावरच्या आडोशाला देईन. छताचा पुढे आलेला भाग, बाल्कनीचा काठ, पारदर्शक पत्रा, काहीही चालेल. ऊन तिरपं आत यावं आणि पाऊस मात्र थेट फुलांवर पडू नये अशी जागा शोधा. म्हणूनच ही पिटुनिया लोंबत्या कुंडीत सर्वांत सुखात असते: पाऊस आला की कुंडी उचलून आत घेता येते.

कुंडी आणि मिश्रण

एका रोपाला निदान २५ सेंटीमीटर व्यासाची कुंडी द्या. ३० सेंटीमीटरच्या लोंबत्या कुंडीत तीन रोपं पुरतात. विकणारे कधी कधी पाच लावायला सांगतात आणि ती कुंडी लवकर भरतेही, पण मुळांची गर्दी होऊन नंतर दिवसातून दोनदा पाणी घालूनही भागत नाही. तीन रोपं लावा आणि शेंडे खुडून ती जागा भरा. तळाला मोकळी भोकं असायलाच हवीत. भोकांवर जाळीचा तुकडा ठेवला तर पुरे, खड्यांचा जाड थर घालून मुळांची जागा खाऊ नका.

निव्वळ बागेतली माती कुंडीत दगडासारखी बसते. दोन भाग कोकोपीट, एक भाग चाळलेलं गांडूळखत आणि एक भाग परलाइट (पांढरे, हलके खनिज दाणे) किंवा जाड वाळू हे मिश्रण हलकं राहतं, ओल धरतं आणि जादा पाणी सोडूनही देतं. कोकोपीट आधी एकदोनदा धुवून, निथळून घ्या, त्यात क्षार असू शकतात. मिश्रण मूठभर घेऊन दाबून बघा. मुठीचा आकार राहिला पाहिजे आणि बोटाने टोचलं की लगेच मोकळं झालं पाहिजे.

पिटुनियाला किंचित आम्लधर्मी माध्यम लागतं, सामू (पीएच) ५.५ ते ६.२ च्या दरम्यान. या एका आकड्याकडे नवखे लोक दुर्लक्ष करतात आणि पुढे पानं पिवळी पडली की कोड्यात पडतात. मिश्रणात चुना किंवा राख घालू नका.

लावताना रोप पिशवीत जितकं खोल होतं तितकंच खोल लावा. लोंबत्या कुंडीत रोपं काठाकडे थोडी कलती लावली की वेली सुरुवातीपासून बाहेरच्या दिशेने वळतात. मातीची पातळी काठापासून दोन-तीन सेंटीमीटर खाली ठेवा, म्हणजे पाणी घालताना ते वरून वाहून जाणार नाही.

वाफ्याच्या कडेला

सपाट वाफ्यात लोंबती डबल पिटुनिया लावू नये असं मला वाटतं. वेल जमिनीवर लोळते, जड फुलं मातीला टेकतात आणि पाऊस झाला की चिखलाने माखतात. पण उंच वाफ्याचा काठ, दगडी बांधाची वरची कड किंवा पायऱ्यांच्या बाजूचा कठडा असेल तर हीच वेल तिथे सुंदर उतरते, फुलंही हवेत राहतात.

दोन रोपांत ४० ते ४५ सेंटीमीटर अंतर ठेवा. सुरुवातीला ते ओकंबोकं वाटेल, तरी मधे जास्तीचं रोप खुपसू नका, हवा खेळायला हवी. वाफ्यातली माती चिकण असेल तर कंपोस्ट मिसळून पंधरा-वीस सेंटीमीटरचा उंचवटा करा आणि रोपं त्यावर लावा. बुडाभोवती वाळलेला पाला किंवा सालीचे तुकडे पसरले की मातीचे शिंतोडे फुलांवर उडत नाहीत.

पहिला शेंडा

लावल्यावर आठ-दहा दिवसांत रोप धरलं, नवं पान दिसलं की शेंडे खुडायचे. वेल १०-१२ सेंटीमीटरची झाली असेल तर चार-पाच पानं ठेवून वरचं टोक नखाने किंवा कात्रीने काढा. त्यावर कळी असली तरी काढा. इथे हात थबकतो, हे मला ठाऊक आहे. पण त्या एका कळीच्या बदल्यात मागच्या पानांच्या बेचक्यांतून दोन-तीन फुटवे येतात. ते फुटवे तेवढेच वाढले की त्यांचेही शेंडे एकदा खुडा. बहर दोन-तीन आठवडे उशिरा येईल, पण कुंडीचा मध्य भरलेला राहील. नंतर कितीही छाटणी केली तरी बुडाशी इतके फुटवे सहजी मिळत नाहीत.

पाणी

पाणी सकाळी द्या आणि बुडाशी द्या. झारीची चाळणी काढून टाका, नळी पानांखाली नेऊन मातीवरच पाणी सोडा. डबल फुलावर शिंपडलेलं पाणी दिवसभर आत राहतं, आणि संध्याकाळी शिंपडलं तर रात्रभर.

किती द्यायचं याला ठरावीक माप नाही. बोट दोन-अडीच सेंटीमीटर मातीत खुपसा. कोरडं लागलं तर तळातून पाणी निघेपर्यंत द्या, ओल लागली तर थांबा. लोंबती कुंडी खालून तळहाताने उचलून बघायची सवय लावा, वजनावरून दोन-चार दिवसांतच अंदाज येतो. कडक उन्हात आणि वाऱ्यात भरलेल्या कुंडीला सकाळ-संध्याकाळ पाणी लागू शकतं. कोकोपीट पूर्ण सुकलं असेल तर वरून घातलेलं पाणी कडेकडेने निघून जातं. अशी कुंडी अर्धा तास बादलीत बुडवून ठेवावी.

भर दुपारी वेल मलूल दिसली की लगेच पाणी ओतू नका. माती ओली असेल आणि ऊन उतरल्यावर पानं पुन्हा ताठ झाली तर झाड ठीक आहे. माती ओली असूनही सकाळपर्यंत पानं लोंबलेलीच असतील तर मुळं कुजत आहेत. पाणी बंद करा, निचरा तपासा. अशा वेळी आणखी पाणी घातलं तर झाड हमखास मरतं.

खत

पिटुनिया खादाड आहे. एवढी फुलं सतत द्यायची तर कुंडीतल्या मूठभर मातीतलं अन्न महिनाभरही पुरत नाही, त्यात रोजच्या पाण्याबरोबर बरंचसं वाहून जातं. लावताना हळूहळू विरघळणारं दाणेदार खत मिसळा. तीन आठवड्यांनंतर आठवड्यातून एकदा १९:१९:१९ सारखं (नत्र, स्फुरद, पालाश समान असलेलं) पाण्यात विरघळणारं खत पाकिटावरच्या मात्रेच्या निम्म्याने द्या. कळ्या धरू लागल्या की पालाश जास्त असलेल्या खताकडे वळा. नुसत्या नत्राने पानं गडद आणि मोठी होतात, फुलं मागे पडतात, मऊ फुटव्यांवर मावाही आवडीने येतो. सुक्या मातीत खताचं पाणी कधी घालू नका. महिन्यातून एकदा भरपूर साधं पाणी घालून साचलेले क्षार धुऊन काढा.

पानं पिवळी पडली तर आधी ती कोणती आहेत ते बघा. खालची जुनी पानं सगळीकडून फिकट होत असतील तर नत्र कमी पडतंय, खताने सुधारेल. शेंड्याकडची नवी पानं पिवळी आणि त्यांच्या शिरा मात्र हिरव्या, असं असेल तर तो केवडा, लोहाची कमतरता. बहुतेक वेळा लोह मातीत असतं, पण सामू ६.५ च्या वर गेल्यामुळे मुळांना ते घेता येत नाही. क्षारयुक्त, जड पाणी सतत घातल्याने असं होतं. चिलेटेड लोह (मुळांना सहज घेता येईल अशा रूपातलं लोह) पाण्यातून मुळाशी द्या आणि शक्य असेल तेव्हा साठवलेलं पावसाचं पाणी वापरा.

सुकलेली फुलं खुडणं

साध्या पिटुनियाच्या काही नव्या जातींत सुकलेलं फूल आपोआप गळून जातं. डबलमध्ये तसं होत नाही. जुनं फूल वेलीला चिकटून राहतं, आतून ओलसर असतं, आणि करडी बुरशी पहिल्यांदा तिथेच धरते. तिथून ती शेजारच्या चांगल्या कळीवर आणि पानावर जाते.

रोज नाही जमलं तरी एक दिवसाआड कुंडीवरून हात फिरवा. नुसत्या पाकळ्या ओढल्या तर त्या सहज हातात येतात आणि मागे हिरवी टोपी तशीच राहते. अर्धंच काम झालं. बोटं खाली सरकवा, हिरव्या पाकळ्यांच्या पाठीमागे बारीक देठ लागेल, तिथे नखाने चिमटा. ताज्या कळीत आणि मिटलेल्या जुन्या फुलात नवख्याचा घोटाळा होतो. कळी टणक, टोकदार आणि पिळदार असते. जुनं फूल बोटांत दाबलं की भिजलेल्या कापसासारखं दबतं. पाचव्या-सहाव्या फुलापर्यंत बोटांनाच ते कळायला लागतं. खुडलेली फुलं कुंडीत टाकू नका. बोटांना चीक बराच लागतो, हात साबणाने धुवा.

मधली छाटणी

वेली ४०-५० सेंटीमीटर झाल्या आणि बुडाकडची पानं विरळ व्हायला लागली की कात्री घ्या. सगळी कुंडी एकदम कापली तर तीन आठवडे बघायला काही उरत नाही, म्हणून बरेच जण छाटणी टाळतात. त्यापेक्षा दर आठवड्याला कुंडीच्या वेगवेगळ्या बाजूंच्या दोन-तीन वेली निवडा आणि निम्म्यावर कापा. त्या फुटेपर्यंत बाकीच्या फुलत राहतात, नंतर पाळी बदलते. काप पानाच्या जरा वर घ्या आणि कापलेल्या प्रत्येक वेलीवर थोडी तरी हिरवी पानं ठेवा. साफ निष्पर्ण, जून काडी फुटेलच असं नाही. छाटणीच्या दिवशी खत दिलं तर फुटवा जोमाने येतो.

कुंडी फारच विस्कटली असेल, किंवा सलग पावसाने सगळी फुलं गेली असतील, तर मात्र धीर करून सगळ्या वेली एक तृतीयांश ठेवून छाटा आणि कुंडी आडोशाला न्या.

पाऊस अचानक येऊन गेला तर कुंडी हलकेच हलवून फुलांतलं पाणी झटका. तासाभराने पूर्ण वाकलेली, पारदर्शक दिसणारी फुलं काढून टाका. ती परत उभी राहत नाहीत.

किडी आणि रोग

सर्वांत जास्त नुकसान कळी खाणारी अळी करते. कळीला टाचणीच्या डोक्याएवढं भोक आणि खालच्या पानांवर काळे बारीक दाणे दिसले की समजा अळी आत आहे. रंगाने ती वेलीत मिसळून जाते, त्यामुळे दुपारी शोधून सापडत नाही, तिन्हीसांजेला विजेरी घेऊन बघा. भोक पडलेल्या कळ्या अळीसकट तोडून टाका. बीटी या जैविक कीटकनाशकाची फवारणी लहान अळ्यांवर चालते, पण कळीत शिरलेल्या अळीपर्यंत ती पोहोचत नाही, म्हणून वेळेवर हात चालवणं महत्त्वाचं.

मावा आणि पांढरी माशी पानांखाली असतात. एरवी पाण्याचा फवारा मारून मावा घालवतात, इथे तसं करताना वेल हाताने उलटी धरा आणि पाणी फक्त पानांच्या पाठीवर मारा. निमतेल फवारायचं तर ऊन उतरल्यावर आणि फुलं टाळून.

पानांवर फिकट-गडद हिरवे ठिपके, पानं वेडीवाकडी, फुलांच्या रंगात अनियमित रेघा, हे विषाणूचं लक्षण असू शकतं. त्याला औषध नाही. झाड उपटून टाका, कात्री धुवा. पिटुनिया ही टोमॅटो, मिरची, तंबाखूच्या कुळातली आहे, त्यांचे विषाणू एकमेकांत जातात. म्हणून ही झाडं जवळजवळ ठेवू नयेत, आणि तंबाखू हाताळलेल्या हातांनी रोपांना स्पर्श करू नये.

कलमं

आवडलेली डबल जात तशीच्या तशी पुढे न्यायची तर शेंड्याचं कलम हाच खात्रीचा मार्ग. शेंडे खुडताना निघालेली टोकंच वापरता येतात. फूल किंवा कळी नसलेलं, ६-७ सेंटीमीटरचं निरोगी टोक घ्या, खालची पानं काढा आणि पानाच्या पेराखाली स्वच्छ काप घेऊन ओलसर कोकोपीट-परलाइटमध्ये लावा. थेट ऊन टाळून भरपूर उजेडात ठेवा, वर सैलसर प्लास्टिकची पिशवी घाला आणि रोज थोडा वेळ ती उघडा. दोन ते तीन आठवड्यांत मुळं धरतात. हलकेच ओढून बघा, अडकल्यासारखं वाटलं तर मुळं आली. नोंदणी केलेल्या जातींची कलमं विकण्यावर बंधनं असतात, ते ध्यानात ठेवा.

पिटुनिया खरं तर काही वर्षं जगू शकणारं झाड आहे, पण जुन्या खोडावर पूर्वीसारखा बहर येत नाही. त्यामुळे बहर ओसरायच्या आधीच, वेल जोमात असताना चार-पाच कलमं करून ठेवा. ती धरली की त्यांचाही पहिला शेंडा लगेच खुडा, मग जुनी कुंडी निर्धास्तपणे रिकामी करा. त्यातलं मिश्रण पिटुनियाला किंवा टोमॅटो-मिरचीला पुन्हा वापरू नका, दुसऱ्या कुळातल्या झाडांना घाला.